विटा उचलायला येताय?

2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला 82 वर्षांचे जिमी कार्टर, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, चक्क घरं बांधत होते! ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही मूळची ख्रिस्ती संस्था. गरिबाकडून व्याज घेऊ नये, हे बायबलमधलं सांगणं तिनं घरबांधणीत आणलं. घर फुकट नाही, पण त्यावर नफाही नाही. आणि ज्याचं घर, त्यानंही राबायचं. भीक नाही, भागीदारी. मला हेच पटलं.

आता रिठदसारख्या आपल्या गावांत या. घरकुलाचे पैसे हप्त्यांनी मिळतात. मजुरीतच किती जातात, घरी विचारा. जागा नावावर नसेल तर आणखी पंचाईत. जागाखरेदीला सरकारी अनुदान आहे, पण अर्ज कोण भरून देणार? तुम्ही! आणि एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर यंदा एखाद्या अर्धवट घरकुलावर घ्या ना.