आकाशक मेलक, स्वयंचलित

आकाशक मेलक, स्वयंचलित : रेडिओ प्रेषक ज्या संरोधासाठी (प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधासाठी) बनविलेला असतो, तेवढा संरोध त्याच्यापुढे आपोआप निर्माण करणारे उपकरण. ते प्रेषक व आकाशक यांच्या दरम्यान जोडतात. आकाशकाला व्यवहारात अँटेना व या उपकरणाला ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर म्हणतात. या नावामुळे हे उपकरण आकाशकच सुधारते असा समज होतो, पण तो बरोबर नाही. आकाशकाचे गुणधर्म आहेत तसेच राहतात. बदलतो तो फक्त प्रेषकाला जाणवणारा संरोध.

आवश्यकता : लघुतरंग संदेशवहन ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांवर) चालते. आयनांबराची स्थिती दिवसा व रात्री वेगळी असल्याने एकाच केंद्राला अनेक कंप्रता वापराव्या लागतात. याउलट द्विध्रुव आकाशक, म्हणजे मध्यभागी तोडून तेथे शक्ती पुरविलेली आडवी तार, मुख्यतः एकाच कंप्रतेला अनुरूप असतो. तारेची मीटरमधील लांबी १४२·६ भागिले मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रता या सूत्राने काढतात. ७·१ मेगॅहर्ट्‌झला ही लांबी सु. २०·१ मी. येते व मध्यबिंदूशी संरोध सर्वसाधारणपणे ५० ते ७५ ओहम असतो. बहुतेक प्रेषक ५० ओहमसाठी बनविलेले असल्याने येथे मेळ बसतो. तीच तार १४·२ मेगॅहर्ट्‌झला मात्र जवळजवळ पूर्ण तरंगलांबीची ठरते आणि मध्यबिंदूचा संरोध काही हजार ओहमपर्यंत चढतो. अशा वेळी शक्तीचा मोठा भाग परत फिरतो. मेळ किती बिघडला आहे हे स्थिर तरंग गुणोत्तराने दर्शवितात. पूर्ण मेळ असताना ते १ असते, तर ३ असताना २५ टक्के शक्ती परावर्तित होते. हे गुणोत्तर वाढल्यास आधुनिक प्रेषक आपल्या ट्रँझिस्टरांच्या रक्षणासाठी शक्ती कमी करतो.

रचना व कार्य : वेटोळी व धारित्रे (विद्युत् भार साठविणारे घटक) यांच्या योग्य जोडणीने एक संरोध दुसऱ्यात रूपांतरित करता येतो. हाताने चालविण्याच्या मेलकात ही जुळणी खुंट्या फिरवून करतात. स्वयंचलित मेलकात विद्युत् दाब व प्रवाह यांचे मापन करणारे संवेदक असतात व त्यांच्या संकेतांनुसार सूक्ष्मप्रक्रियक रिले उघडतो वा मिटतो. प्रत्येक वेटोळे आधीच्याच्या दुप्पट मूल्याचे ठेवल्यास ८ वेटोळ्यांपासून २५६ मूल्ये मिळतात. ८ धारित्रांपासूनही तितकीच. धारित्रे प्रेषकाच्या वा आकाशकाच्या बाजूस जोडण्याची सोय धरल्यास एकूण १,३१,०७२ जुळण्या शक्य होतात. त्यांतील योग्य जुळणी काही सेकंदांत सापडते आणि ती स्मृतीत साठविल्यास पुढील वेळी जवळजवळ तत्काळ मिळते. शोध चालू असताना प्रेषकाची शक्ती कमी ठेवतात; अन्यथा रिलेंची टोके जळण्याचा संभव असतो.

मेलकाचे स्थान : मेलक प्रेषकाजवळ ठेवणे सोयीचे असले, तरी मेलकापासून आकाशकापर्यंतच्या केबलमधील बेमेळ तसाच राहतो. उदा., मेळ असताना १०० वॉटपैकी ७० वॉट आकाशकापर्यंत पोहोचविणारी ५० ओहमची समाक्ष केबल घेतली आणि आकाशकाचा संरोध ३,००० ओहम असला, तर केवळ ८ वॉटच्या आसपास शक्ती आकाशकाला मिळते. उरलेली केबलमध्ये उष्णतारूपाने वाया जाते. विशेष म्हणजे आकाशकापाशी ६० असलेले गुणोत्तर या व्ययामुळेच केबलच्या खालच्या टोकाला सु. ५ एवढेच दिसते. मेलक ते सहज १ वर आणतो आणि चालकाला सर्व ठीक असल्याचे वाटते. म्हणून मापकावरील १ हा आकडा प्रारणाची (तरंगरूपाने ऊर्जा बाहेर पडण्याची) खात्री देत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात जलरोधक पेटीतील मेलक द्विध्रुवाच्या मध्यबिंदूशीच बसवितात. तेथे १०० वॉट शक्तीला ३,००० ओहमवर सु. ५५० व्होल्ट दाब येत असल्याने घटक तो सहन करणारे असावे लागतात. दुसऱ्या उपायात समाक्ष केबलऐवजी मोकळ्या दोन समांतर तारांचा मार्ग वापरतात. त्यातील व्यय अत्यल्प असल्याने वरील उदाहरणात सु. ९० वॉट आकाशकापर्यंत पोहोचू शकतात. हा मार्ग संतुलित असतो, तर बहुतेक मेलक असंतुलित असतात. म्हणून दोहोंमध्ये बॅलन हा जोडघटक घालावा लागतो.

उपयोग : जहाजे, विमाने, सैनिकी दळे व हौशी रेडिओचालक हे मेलक वापरतात. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीच्या वेळी अंदमान व निकोबार बेटांतून हौशी चालकांनी लघुतरंगांद्वारे संदेशवहन चालू ठेवले होते. अशा संकटकाळी मोजून-मापून आकाशक उभारण्यास अवधी नसतो. उपलब्ध तार दोन झाडांमध्ये बांधून अनेक कंप्रतांवर काम करण्यास स्वयंचलित मेलक साहाय्यभूत होतो. तथापि बॅटरीतील मर्यादित शक्ती केबलमध्ये वाया न जाता तरंगरूपाने बाहेर पडावी, यासाठी मेलकाच्या स्थानाचा विचार अशा प्रसंगीच सर्वाधिक अगत्याचा ठरतो.