लोकलचे पंखे मध्येच का थांबतात?

भर गर्दीत पंखे थांबतात, काही दिवे जातात आणि ‘झालं, पुन्हा बिघाड!’ असा सूर उमटतो. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. वरच्या तारेला वीज टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या उपकेंद्रांतून मिळते आणि शेजारच्या दोन टप्प्यांचा फेज वेगळा असू शकतो. ते भिडले तर शॉर्टसर्किट. म्हणून मध्ये वीज नसलेला छोटा तुकडा ठेवतात, न्यूट्रल सेक्शन. तिथे गाडी निव्वळ आपल्या वेगावर पुढे सरकते.

फेजचा हा प्रश्न एसी विजेमुळे येतो; मुंबईत सुरुवात मात्र डीसीवर झाली. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, 1,500 व्होल्ट डीसीवर. पुढे गाड्या लांब झाल्या, फेऱ्या वाढल्या, आणि तो विद्युतदाब अपुरा पडू लागला. कमी दाबावर तेवढीच शक्ती हवी तर प्रवाह जास्त लागतो. तारेत उष्णतेपायी वाया जाणारी वीज तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब 25,000 व्होल्ट एसी केला, म्हणजे सुमारे 17 पट. हिशेब करा: प्रवाह सतराव्या हिश्शावर, आणि त्याच तारेतला अपव्यय जवळपास 280 पट कमी! हा बदल धावत्या वाहतुकीतच, टप्प्याटप्प्याने झाला; हार्बर मार्गाचा नंबर 2016 मध्ये लागला. माझ्या मते हे मुंबईतलं सर्वांत दुर्लक्षित अभियांत्रिकी काम.

बचत तारेपुरतीच नाही: नव्या गाड्या ब्रेक लागताना वीज तारेत परतही पाठवतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. गाडीच्या टपावर कधीही चढू नका. 25,000 व्होल्टच्या तारेला हात लागावा लागत नाही. नुसतं जवळ गेलं तरी जीवघेणा झटका बसू शकतो.