कुलूप फुकट मिळतं, निगा कोण राखणार?

नागपुरात सॉफ्टवेअर म्हटलं की मिहान आणि पारसोडीचा आयटी पार्क डोळ्यांपुढे येतो. पण शहरातल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था, कळमन्याचे अडते यांची कामं मोठ्या कंपन्यांकडे क्वचितच जातात. ती चार-सहा जणांच्या छोट्या ऑफिसांकडे येतात, आणि तिथे सुरुवातीलाच एक प्रश्न उभा राहतो: लॉगिनचं काय करायचं? स्वतः लिहायचं, की इंटरनेटवर फुकट मिळणारी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला कोड, आणून जोडायची? बहुतेक जण लायब्ररी घेतात आणि ते योग्यच आहे. चूक होते ती निवडताना. किती लोकांनी वापरली, किती जणांनी पसंतीची चांदणी दिली, किती मिनिटांत चालू झाली, एवढंच पाहिलं जातं. यातल्या कशानेही कुलूप मजबूत आहे की नाही ते कळत नाही. लॉगिनच्या लायब्ररीत सगळ्यांत आधी पाहायची ती तिची निगा.

हे पटण्यासाठी पासवर्डचं आत काय होतं ते जवळून पाहावं लागेल. चांगली लायब्ररी पासवर्ड साठवतच नाही. प्रत्येक खात्यासाठी वेगळी, यदृच्छेने निवडलेली अक्षरं ती त्यात मिसळते. या भरीला सॉल्ट म्हणतात. मग ते मिश्रण गणिताच्या चरकातून लाखो वेळा पिळून काढते. शेवटी उरतो तो हॅश. हॅशवरून मूळ पासवर्डाकडे उलट जाता येत नाही; चोराला एकेक अंदाज घेऊन दर वेळी तोच चरक पुन्हा फिरवावा लागतो. लिंक्डइनने हे केलं नव्हतं. २०१२ मध्ये तिथले सुमारे ६५ लाख हॅश बाहेर फुटले, त्यांत सॉल्ट नव्हतं आणि चरक एकदाच फिरलेला होता. खरा आकडा ११ कोटींच्या वर होता, हे कळायला २०१६ उजाडलं. आता त्याच २०१२ ची दुसरी गोष्ट पाहा. पायथनमध्ये काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातलं जँगो हे फ्रेमवर्क २०१२ मध्ये चरक १० हजार वेळा फिरवू लागलं. संगणक वेगवान होत गेले तशी जँगोची माणसं आवृत्तीमागून आवृत्ती हा आकडा वाढवत गेली. २०२५ च्या ५.२ आवृत्तीत तो १० लाखांवर आला. वापरणाऱ्याने पुढच्या वेळी लॉगिन केलं की त्याचा जुना हॅश आपोआप नव्या हिशेबाने बदलला जातो. इतकंच काय, नाव नोंदलेलंच नसेल तरीही जँगो एकदा चरक फिरवून घेतं, म्हणजे उत्तर लवकर आलं यावरून हे खातं इथे नाही असं कुणाला ताडता येऊ नये. मला या १० लाखांपेक्षा त्यामागची तेरा वर्षांची चिकाटी मोलाची वाटते. स्वतः लिहिलेल्या लॉगिनमध्ये हा आकडा वाढवायला तेरा वर्षं कोण बसणार?

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणतो, कोड उघडा आहे म्हणजे चोरालाही वाचता येतो. पण गुपित किल्लीत असावं, कुलपाच्या रचनेत नव्हे, हा विचार सांकेतिक लिपीचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडला आणि आजची सुरक्षा त्यावरच उभी आहे. दुसरा म्हणतो, कोड उघडा आहे म्हणजे हजारो डोळे पाहत असणार. हा समज जास्त घातक आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक २०१४ मध्ये सापडली तेव्हा ती दोन वर्षं सगळ्यांच्या समोरच पडून होती. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला म्हणून. ज्याने तो पेरला, त्याने एकट्याने काम ओढून थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास आधी दोनेक वर्षं खपून मिळवला होता. कुणालाही पाहता येतं आणि कुणीतरी पाहिलं आहे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

मग निगा ओळखायची कशी? लायब्ररीच्या बदलांची नोंद वाचावी. चूक सापडल्यावर तिची जाहीर सूचना निघाली का, दुरुस्ती किती दिवसांत आली, जुन्या आवृत्तीवाल्यांना वाऱ्यावर सोडलं का, हे तिथे दिसतं. चुकांची एकही नोंद नसलेली लायब्ररी मला तरी निर्दोष वाटत नाही, तिच्याकडे कुणी बारकाईने पाहिलंच नसावं असं वाटतं. मग एक दुपार काढून ती चालवून पाहावी. चुकीचा पासवर्ड वीस वेळा टाकला तर ती अडवते का? पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक दुसऱ्यांदा चालते का? पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या मोबाइलवरचं जुनं लॉगिन तुटतं का? आणि हे सगळं काहीही न सांगता, मूळ सेटिंगवरच होतं का? घाईत असलेलं ऑफिस मूळ सेटिंग बदलत नाही, म्हणून सुरक्षित वाट हीच सोपी वाट असायला हवी.

आमच्या पतसंस्थेवर कोण हल्ला करणार, असं विचारणारे पुष्कळ भेटतील. पण इथे कुणी कुणाला निवडून गाठत नाही. एका ठिकाणी फुटलेले पासवर्ड यंत्रं हजारो साइटवर आपोआप टाकून पाहतात आणि जिथे दार उघडेल तिथे शिरतात. लॉगिनसाठी पैसे देऊन बाहेरची सेवा घ्यावी, हा सल्ला या शंकेहून वजनदार आहे, आणि ज्या ऑफिसात सुधारित आवृत्त्या बसवायलाही माणूस नाही त्याने तो मानावा. मात्र त्यानेही निर्धास्त होऊ नये. याच व्यवसायातल्या ओक्टा या मोठ्या कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं की, ५२ किंवा त्याहून जास्त अक्षरांचं वापरनाव असेल तर काही विशिष्ट परिस्थितीत पासवर्डाशिवायही प्रवेश मिळू शकत होता. शिवाय फुकटच्या लायब्ररीचे परवाने हमी देत नाहीत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो लायब्ररी लिहिणाऱ्याला नव्हे, लोकांची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला आहे.

शेवटचा प्रश्न लायब्ररीतून बाहेर पडण्याचा. लुशिया ही जावास्क्रिप्टवाल्यांच्या आवडीची लायब्ररी होती. तिच्या लेखकाने २०२४ मध्ये आधी कळवून २०२५ च्या मार्चमध्ये ती थांबवली आणि तिच्या जागी लॉगिन कसं बांधावं हे शिकवणारी टिपणं ठेवली. ज्यांनी ती वापरली होती त्यांची खाती आणि हॅश त्यांच्याच डेटाबेसमध्ये होते. त्यामुळे आपल्या वापरणाऱ्यांना नवा पासवर्ड लावायला सांगायची गरज नव्हती.