खड्ड्याचे धनी

बालाघाट शहर संपून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथं मावशीचं घर आहे. जूनची रात्र. पहिला दमदार पाऊस नुकताच थांबलाय. ओट्यावरच्या बल्बभोवती उधईची पाखरं घिरट्या घालताहेत, पंख गळलेली फरशीवर सरपटताहेत. एवढ्यात तुळशीच्या कुंडीमागून मातीचं एक ढेकूळ पुढं सरकतं.

ढेकूळ कसलं, बेडूक! उडी मारत नाही, सुस्तपणे चार पावलं टाकतो. अंगभर फोड, एकेकाच्या टोकाला काळा ठिपका. डोळ्यांवर काजळ ओढल्यासारख्या कडा. डोळ्यांमागं दोन फुगीर उशा, त्या विषाच्या ग्रंथी. पाखरू टप्प्यात येताच मागच्या पायाचं एक बोट थरथरतं, जीभ लवते आणि पाखरू दिसेनासं होतं. गिळताना तो डोळे मिटतो. बुबुळं आत दबून घास खाली ढकलतात. मी मोजायला लागतो आणि विसानंतर नाद सोडतो.

शेजारचं कुत्रं येतं, त्याच्याकडं बघतं आणि वळसा घालून निघून जातं. आधी कधीतरी तोंड घातलं असणार.

"त्याले हात नको लावू बाप्पा," मावशी दारातून सांगते, "दूध सोडते अंगातून."

पुस्तकी मराठीत हा भेक. जर्मन अभ्यासक श्नायडरनं १७९९ साली त्याचं वर्णन केलं. २००६ साली त्याच्या नव्या प्रजातीला, म्हणजे जीनसला, सुशील कुमार दत्ता या आपल्या बेडूकतज्ज्ञांचं नाव मिळालं, दत्ताफ्रायनस. तंगड्यांच्या निर्यातीपायी त्याचे हिरवे भाऊबंद पोत्यांनी मारले गेले, तेव्हा १९८७ साली त्या व्यापारावर बंदी घालावी लागली. याच्या वाट्याला कोणी गेलं नाही, विषानं राखला. पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत तो पसरलाय. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत तो सर्वांत कमी चिंतेच्या रकान्यात आहे. मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ २०१४ साली तो सापडला, तेव्हा चिंता त्याची नव्हती, तिथल्या सापांची होती. आपली धामण त्याला पचवते, तिथल्या सापांना या विषाची ओळख नाही.

घनदाट जंगलापेक्षा त्याला आपली वस्तीच मानवते. कुंडीखालची ओल, गटाराची कड, दिव्याखालचे किडे. आपण जिथं गबाळेपणा करतो, तिथं त्याचा संसार थाटतो.

रात्रभर रस्त्याकडून "कुर्रर्र, कुर्रर्र" चाललेलं असतं. सकाळी जाऊन पाहतो. नळासाठी कुणीतरी खणलेला आणि बुजवायचा राहिलेला खड्डा पाण्यानं भरलाय. दोन महिने मावशी या खड्ड्यापायी कटकट करतेय. आज त्यात गवताच्या काडीला, फाटक्या पन्नीला गुंडाळलेली अंडी आहेत. पारदर्शक बुळबुळीत दोऱ्यात ओवलेले काळे मणी, दोन पदरांत. थेट मंगळसूत्राची पोत!

पाठीमागं ट्रॅक्टर थांबतो. ट्रॉलीत मुरूम.

"आले एकदाचे!" मावशी फाटकातून ओरडते.

"भाऊ, पाच मिनिटं थांबता का?"

ड्रायव्हर माझ्याकडं, मग पाण्याकडं बघतो. "काय पडलं जी? मोबाईल?"

"अंडी आहेत. बेडकाची."

तो इंजिन बंद करतो आणि बिडी काढतो. पेटवायच्या आधी म्हणतो, "बोडी तिकडं हाये, आंब्याच्या पल्याड."

मी मावशीची बादली आणतो, गुडघ्यापर्यंत उतरतो. पोत ओंजळीत धरली की निसटते, काडीसकट उचलली की येते. अर्धी येते. उरलेली पन्नीला गुंतून तळाशी गेलीय, गढूळ पाण्यात हाताला लागत नाही.

बिडी संपते.

"झालं जी?"

मी बादली उचलतो. बोडीकडं, त्या छोट्या तळ्याकडं, चालताना मागं मुरूम पडल्याचा आवाज येतो. बादलीतले मणी पाण्याबरोबर हिंदकळत राहतात.