जीवनकौशल्यांचा तास: मोफत साहित्य कुठे आणि कसे वापरावे

कट्टी झालेल्या मैत्रिणीशी बट्टी कशी करावी, राग आला की हात उगारण्याआधी काय करावे, वर्गात नव्याने आलेल्या मुलाला खेळात कसे घ्यावे, मोठ्या माणसालाही ‘नको’ कधी म्हणावे, हे शिकवणारा विषय म्हणजे वैयक्तिक आणि सामाजिक शिक्षण. इंग्लंडमध्ये नातेसंबंधांचे शिक्षण हा त्यातला भाग प्राथमिक शाळांना सप्टेंबर २०२० पासून सक्तीचा झाला. महाराष्ट्रात या विषयाला कधी मूल्यशिक्षण म्हणतात, कधी जीवनकौशल्ये. पुष्कळ शाळांत तो परिपाठातल्या सुविचाराबरोबरच उरकला जातो. सुविचार फळ्यावर लिहायला दोन मिनिटे पुरतात. राग आवरण्याचा सराव करून घ्यायचा तर तास लागतो, साहित्य लागते आणि तयारीने आलेला शिक्षक लागतो. यांतले साहित्य तरी आता आंतरजालावर विनामूल्य मिळते, आणि त्यातले बरेचसे मराठीतही आहे.

या विषयात नेमके काय शिकवायचे, याचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आराखडा जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडला. त्यात दहा जीवनकौशल्ये आहेत: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध जपणे, ताण हाताळणे आणि भावना हाताळणे. भारतातले या विषयाचे बहुतेक सरकारी साहित्य याच दहांभोवती रचलेले दिसते. यादी पाठ करून घेण्यासाठी नाही. समोरच्या पाठातून यांपैकी कशाचा सराव होणार आहे, हे शिक्षकाला पडताळून पाहता यावे, एवढाच तिचा उपयोग.

सरकारी साहित्यात आयुष्मान भारत योजनेतल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या पुस्तिका सर्वांत व्यवस्थित आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, प्रशिक्षण घेऊन आठवड्याला एक तास घ्यावा, अशी त्यात कल्पना आहे. भावनिक आरोग्य, परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, व्यसनांपासून बचाव, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे अकरा विषय त्यात आहेत. पुस्तिका एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर आहेत. त्या उच्च प्राथमिक वर्गांपासून वरच्या मुलांसाठी आहेत. पहिली-दुसरीच्या वर्गात त्या जशाच्या तशा चालणार नाहीत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचावरही साहित्य पुष्कळ आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की तिथला पाठ उघडतो. मात्र दर्जा सगळीकडे सारखा नाही, म्हणून वर्गात लावण्याआधी शिक्षकाने पाठ स्वतः शेवटपर्यंत पाहिलेला बरा.

लहान मुलांच्या वर्गात काय चालते, याचा अनुभव महाराष्ट्राने ‘मूल्यवर्धन’मधून घेतला. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने हा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू केला. त्याचे साहित्य मूळ मराठीतच घडले. त्यात उपदेशाचे धडे नाहीत. जोडीचर्चा, गटचर्चा आणि सहयोगी खेळ यांतून मुले बोलती होतात. एरवी तोंड न उघडणारे मूल चाळीस जणांसमोर बोलणार नाही, पण शेजारच्या एकाशी बोलेल. जोडीचर्चेचे हे तत्त्व साधे आहे, आणि ते कोणत्याही साहित्याला लावता येते.

मराठी शिक्षकाला सर्वांत हाताशी असलेले साहित्य म्हणजे गोष्टी. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे शेकडो भाषांतली चित्रमय पुस्तके वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत, आणि मराठी त्यांतल्या ठळक भाषांपैकी एक आहे. तिथल्या गोष्टी जीवनकौशल्यांचे धडे म्हणून लिहिलेल्या नाहीत, आणि तेच त्यांचे बळ आहे. शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट घ्या. वर्षातून एकदा केस कापायचा त्याचा दिवस उजाडतो, पण एकालाही त्याच्यासाठी वेळ नसतो. जो तो आपल्या कामात. शेवटी त्याची गाठ वाघाशी पडते. मुले खळखळून हसतात. पण सगळे त्याला ‘आत्ता नाही’ म्हणून वाटेला लावतात, त्या पानावर शिक्षकाने पुस्तक थांबवायचे आणि विचारायचे: आता त्याला कसे वाटत असेल? तुम्हाला घरी कुणी असे ‘आत्ता नाही’ म्हणाले आहे का? मग तुम्ही काय केले? हसू ओसरते आणि घरचे बोलणे बाहेर येते. आईला वेळ नसतो. बाबा मोबाइलमध्ये असतात. एखाद्याच्या लक्षात येते की धाकट्या बहिणीला आपणही असेच वाटेला लावतो. समानुभूती नावाचा जो शब्द यादीत आहे, त्याचा सराव या दहा मिनिटांत होतो. त्यासाठी गोष्टीखाली तात्पर्य छापलेले नसते, हेच चांगले. तात्पर्य छापले की मुले तेवढेच वाचतात आणि बोलायचे थांबतात.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर मोफत वाचता येतात. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी हा मोठाच साठा आहे. परदेशातल्या मराठी शाळांनाही तो उपयोगी आहे. तिथल्या मुलांना मराठी वाचता येत असले तरी मनातले मराठीत सांगायला शब्द सापडत नाहीत. ‘हिरमुसणे’, ‘ओशाळणे’, ‘रुसणे’ हे शब्द गोष्टीतून भेटले तरच ती भावना मराठीत ओळखता येते.

शरीराच्या सुरक्षिततेचा पाठ हा या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत टाळला जाणारा भाग. त्यासाठी चाइल्डलाइन संस्थेने काढलेला ‘कोमल’ हा दहाएक मिनिटांचा ॲनिमेशनपट मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत पाहता येतो. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारही मिळाला आहे. त्यात कोमल या लहान मुलीला त्रास देणारा माणूस अनोळखी नाही, घरी येणारा, लाड करणारा शेजारी आहे. पटकथेतला हा निर्णय फार मोलाचा आहे. मुलांवरील अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत गुन्हेगार ओळखीचा असतो. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढ्यावर थांबणारी शिकवण मुलाला खऱ्या धोक्यापासून वाचवत नाही. चित्रपटात सुरक्षित व असुरक्षित स्पर्श चित्रावर दाखवला आहे आणि पुढे काय करायचे तेही सांगितले आहे: मोठ्याने ‘नाही’ म्हणायचे, तिथून निघून जायचे आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे.

हा पाठ घेण्याआधी शिक्षकाची तयारी हवी. पालकांना आधी कल्पना द्यावी. चित्रपट लावून वर्गाबाहेर जाऊ नये. आणि पाहून झाल्यावर एखादे मूल जवळ येऊन काही सांगू लागले, तर उलटतपासणी न करता शांतपणे ऐकून घ्यावे. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ हे वाक्य त्याला तिथेच ऐकवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘हे कुणाला सांगणार नाही’ असे वचन म्हणूनच मुलाला देऊ नये. मुलांसाठीचा १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि आज तो देशभर चालतो. तो वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असावा.

दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपीनेस’ अभ्यासक्रम आणला. त्याच्या शिक्षक-पुस्तिका हिंदीत आहेत. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाचा ‘सी लर्निंग’ अभ्यासक्रम २०१९ मध्ये प्रकाशित झाला. नावनोंदणी केली की तो विनामूल्य मिळतो. मन बिथरले की लगेच करायच्या साध्या कृती हा त्यातला सर्वांत कामाचा भाग म्हणावा लागेल: सावकाश घोटघोट पाणी पिणे, दोन्ही तळहातांनी भिंत ढकलणे, खोलीतले सहा रंग शोधणे, उलटे आकडे मोजणे. यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही. मधल्या सुट्टीत भांडून लालबुंद झालेल्या मुलाला ‘शांत बस’ म्हटल्याने तो शांत होत नाही. भिंत ढकलायला सांगितली, तर अंगातला जोर कुठेतरी जातो आणि मग बोलता येते.

मोफत आणि मुक्त यांत फरक आहे, आणि शिक्षकांची गफलत इथे होते. संकेतस्थळावरून एखादे पुस्तक फुकट उतरवता आले, म्हणजे ते बदलून किंवा छापून वाटायची परवानगी मिळाली असे नाही. बहुतेक पुस्तकांचे हक्क प्रकाशकाकडेच असतात. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मात्र ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावे दिली की त्या छापता येतात, भाषांतरित करता येतात, त्यांत बदलही करता येतो. एखाद्या आश्रमशाळेतल्या शिक्षिकेला तीच गोष्ट मुलांच्या घरच्या वारलीत, गोंडीत किंवा कोरकूत हवी असेल, तर ती स्वतः भाषांतर करून तिथेच प्रसिद्ध करू शकते. भावनांविषयी बोलताना घरची भाषा हाताशी असणे कोणत्याही रंगीत चित्रफितीहून मोलाचे आहे.

निवड करताना शिक्षकाने आणि पालकाने काही गोष्टी पाहाव्यात. साहित्य कुणी तयार केले, त्यामागे मुलांबरोबर काम करणारी संस्था आहे की जाहिरात विकणारी, हे पाहावे. मध्येच जाहिराती येणारी चित्रफीत मुलांच्या हाती देऊ नये. मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा विचारणारे ॲप टाळावे. गोष्टीतल्या मुली फक्त रडतात आणि मुलगे फक्त सोडवायला येतात, असे असेल तर ती बाजूला ठेवावी, नाहीतर त्यावरच चर्चा घ्यावी.

जोडणी क्षीण असलेल्या गावात साहित्य आधी उतरवून ठेवणे सोयीचे. स्टोरीवीव्हरची पुस्तके पीडीएफ स्वरूपात साठवता येतात. दीक्षाच्या ॲपमधले पाठही एकदा उतरवले की नेटवर्क नसताना चालतात. चाळीस मुलांत एकच मोबाइल असेल तर पडदा लहान पडतो. तेव्हा गोष्ट शिक्षकाने मोठ्याने वाचावी, चित्रे गटागटाने दाखवावीत आणि चर्चेचे दोन-तीन प्रश्न आधीच फळ्यावर लिहून ठेवावेत.