‘गोतावळा’ आणि आमचा पॉवर टिलर

गेल्या दिवाळीत बेळगावला घरी आलो होतो. बाबांचं कपाट आवरताना आनंद यादवांची ‘गोतावळा’ हाताला लागली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढे बी.ई., मग पुण्यात नोकरी. शेवटची मराठी कादंबरी कधी वाचली तेही आठवत नव्हतं. दोन पानं चाळून ठेवून देऊ, असा विचार होता.

थांबलो ते भाषेमुळे. १९७१ साली आलेली ही कादंबरी बोलीत लिहिलेली आहे. नारबा नावाचा शेतावरचा गडी आपली गोष्ट आपल्याच तोंडानं सांगतो. यादव मूळचे कागलचे. आपण बेळगावहून कोल्हापूरला जाताना महामार्गावर लागतं तेच कागल. त्यामुळे नारबाची बोली आमच्या आज्जीच्या बोलीची सख्खी बहीणच. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून ‘काय करालैस?’ निघालं की खोलीतली पोरं हसायची. हळूहळू मी ती बोली फक्त घरच्या फोनपुरती ठेवली. इथं तीच बोली छापलेली होती, आणि कुणाला हसवायला नव्हे. एक माणूस तिच्यात आपलं दुःख सांगत होता.

गोष्ट तशी छोटी. नारबाला स्वतःचं घरदार नाही. मालकाचा मळा हेच त्याचं घर आणि तिथली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मग मालक ट्रॅक्टर आणतो. बैलांना काम उरत नाही. एकेक जनावर मळ्यातून जातं, आणि शेवटी नारबालाही तिथं आपलं म्हणावं असं काही राहत नाही.

वाचताना नारबाचं वाईट वाटत होतंच. पण मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. या कादंबरीत मी नारबाच्या बाजूला नव्हतो, ट्रॅक्टरच्या बाजूला होतो.

मी सात वर्षांचा असेन. आज्जानं बैलजोडी विकून पॉवर टिलर घेतला. त्या दिवसाचा मला फक्त आनंद आठवतो. नवा लाल रंग, डिझेलचा वास, मागच्या ट्रॉलीत बसून मारलेली गावातली चक्कर. बैल कधी गेले, कोण घेऊन गेलं, काही आठवत नाही. रिकाम्या गोठ्यात आमचं क्रिकेट सुरू झालं, एवढं मात्र पक्कं आठवतं. आज्जाचं चुकलं असंही नाही. भाताच्या चिखलणीला बैलांना जे काम कित्येक दिवस पुरायचं, ते टिलर झटक्यात उरकायचा. बैलांना मात्र काम असो नसो, वर्षभर वैरण लागायचीच.

आज मीही तेच काम करतो. दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात बिलं आणि ऑर्डरी जुळवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. चार माणसं दिवसभर जे करायची, ते चहा पिऊन होईपर्यंत संपायला लागलं. मला बढती मिळाली. चौघांपैकी दोघांना दुसऱ्या विभागात घेतलं, दोघांना घरी जावं लागलं. त्यांतले एक काका पन्नाशीचे होते. तीन आठवडे माझ्याशेजारी बसून त्यांनी मला सगळं समजावलं होतं. कोणता व्यापारी तारीख उलटी लिहितो, कोण एकच बिल दोनदा पाठवतो, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांच्याकडूनच शिकून मी त्यांचं काम संपवलं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी कामाचं कारण सांगून गेलो नाही.

नारबाला मळ्यातल्या एकेका जनावराचा स्वभाव ठाऊक असतो. ट्रॅक्टर आला की ते सगळं जाणतेपण एका दिवसात बिनकामाचं होतं. मालकाच्या हिशेबात डिझेल असतं, वैरण असते, पण या जाणतेपणाला रकानाच नसतो. माझ्या प्रोग्रॅमच्या अहवालातही नव्हता. यंत्र नको, असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यावरच आहे. पण तो रकाना रिकामा आहे हे निदान दिसायला तरी हवं.

पुस्तक संपवलं त्या रात्री जेवताना बाबांना विचारलं, “आपल्या बैलांची नावं काय होती?”

बाबांनी पटकन दोन्ही सांगितली. मग घास हातात धरून म्हणाले, “आणि मामाचं नाव नाही विचारलंस?”

मामा म्हणजे आमचा गडी. बैलांचं सगळं तोच बघायचा, मला खांद्यावर घेऊन शेतात न्यायचा. टिलर आल्यावर चार दिवस आला, मग यायचा थांबला. आज्जानं बोलावलं नाही, तोही परत आला नाही. पुढे कुठं गेला, बाबांना माहीत नाही.

पुण्याला परतल्यावर त्या काकांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, “तो तारीख उलटी लिहिणारा सुधारला का रे?”

“नाही काका,” मी म्हटलं, “अजून तसंच लिहितो.”

दोघंही हसलो. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.

‘गोतावळा’ जरूर वाचा. बोली अडली तर घरातल्या आज्जीला शेजारी बसवून मोठ्यानं वाचा. शब्दांचे अर्थ ती सांगेलच. तुमच्या गोठ्यातल्या बैलांची आणि गड्याची नावंही तिला विचारून ठेवा.