जुन्या पुस्तकांचा कुबट वास

आषाढ-श्रावणांत पुस्तकांचें कपाट उघडावें आणि आंतून दमट, मातकट भपकारा यावा, हा अनुभव मुंबई, कोंकण किंवा गोवा येथील कुटुंबांस नवा नाहीं. आजोबांनीं जमविलेले ज्ञानकोशाचे खंड, आजीची नित्यपाठाची पोथी, बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंक, यांपैकीं कांहीं हातीं घेतलें कीं मुलें नाक मुरडतात. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुन्या पुस्तकास वास यावयाचाच. तो त्याच्या वयाचा गुण आहे. दुसरा म्हणतो, असलें पुस्तक रद्दीवाल्यास देऊन मोकळें व्हावें. हे दोन्ही पक्ष एकाच गैरसमजुतीवर उभे आहेत. कुबट वास वयामुळें येत नाहीं, ओलीमुळें येतो. ओल गेली तर वास बहुधा जातो. आणि ओल तशीच ठेवून केवळ वासावर केलेले इलाज पुस्तकाच्या जिवावर उठतात.

जुन्या पुस्तकांस दोन निरनिराळे वास येतात, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एक वास कागदाच्या झिजेचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा कागद सर्वत्र प्रचारांत आला. त्यावर शाई फुटूं नये म्हणून राळ व तुरटी यांचा उपयोग करीत. ही रीति जर्मनींत मोरिट्झ इलिग यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केली होती. तुरटीमुळें कागदांत आम्लता येते आणि वर्षानुवर्षें तंतु तुटत जातात. या झिजेंतून सिरक्यांतील आम्ल, फुरफुराल व व्हॅनिलाचें सुगंधी तत्त्व असे पदार्थ हवेंत सुटतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मातिया स्त्र्लिच व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं अशाच वासाच्या पृथक्करणावरून कागदाची प्रकृति ओळखण्याची पद्धति मांडली. ‘मनोरंजन’ मासिकानें १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला. त्या पिढीचे जे अंक घरोघर उरले आहेत, त्यांचा पिंवळा, ठिसूळ कागद बहुधा याच झिजेची साक्ष देतो. हा वास किंचित् गोड, किंचित् आंबूस असतो. तो घालवितां येत नाहीं, आणि घालविण्याचें कारणहि नाहीं.

दुसरा वास बुरशीचा; त्यालाच आपण कुबट म्हणतों. बुरशीचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात व प्रत्येक पुस्तकावर बसलेले असतात. हवा कोरडी असेपर्यंत ते निपचित पडून राहतात. परंतु हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर कांहीं काळ राहिली कीं त्यांस अंकुर फुटतात. त्यांचें अन्न पुस्तकांतच तयार असतें. कागदाचे तंतु, बांधणीची खळ, सरस, कापड आणि पुठ्ठा या सर्वांवर बुरशी पोसते. तिच्या वाढीबरोबर जे वायुरूप पदार्थ सुटतात, त्यांचा हा भपकारा होय. कांहीं सूक्ष्म जंतु जो मातकट वासाचा पदार्थ निर्माण करतात, त्यास १९६५ पासून ‘जिओस्मिन’ असें नांव आहे. मनुष्याचें नाक या पदार्थाच्या बाबतींत इतकें तीक्ष्ण आहे कीं त्याचा अतिसूक्ष्म अंशहि त्यास कळतो. म्हणून डोळ्यांस डाग दिसण्यापूर्वींच नाक सूचना देतें. ती सूचना अत्तरानें झांकणें म्हणजे घरांत आग लागली असतां धुराकडे पाठ फिरविणें होय.

मुंबई व किनारपट्टीवर पावसाळ्यांत आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या पुढें असते. त्यांत बाहेरच्या भिंतीस पाठ लावलेलें कपाट म्हणजे बुरशीचें माहेरघर. हवा थंड झाली कीं तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ति कमी होते. भिजलेल्या गार भिंतीजवळची हवा म्हणूनच खोलींतील हवेपेक्षां अधिक दमट असते. दारें घट्ट लावलेल्या कांचेच्या कपाटांत ती ओल कोंडून राहते. दिवसा वातानुकूलन आणि रात्रीं तें बंद, असा क्रम असेल तर ओलीचा हा चढउतार रोज घडतो.

आतां उपाय. पहिलें काम म्हणजे वास येणारीं पुस्तकें इतरांपासून वेगळीं काढणें. एका पुस्तकावरची ओली बुरशी शेजारच्या पुस्तकांवर सहज जाते. नंतर प्रत्येक पुस्तक उजेडांत पाहावें. पानांस पानें चिकटलीं आहेत काय, पुठ्ठा हातास गार व ओलसर लागतो काय, पाठीच्या बांधणींत पांढरी, हिरवी किंवा काळी लव आहे काय, हें तपासावें. वासाचें मूळ पुष्कळदां पानांत नसून पाठीच्या सरसांत असतें.

दुसरें काम वाळविणें. पुस्तक उभें ठेवून पानें पंख्यासारखीं मोकळीं करावीं आणि खोलींत विजेचा पंखा असा लावावा कीं वारा फिरेल, पण पानें फडफडणार नाहींत. पुस्तकांस ऊन दाखविण्याची आपली जुनी चाल आहे. तींत वाऱ्याचा भाग हिताचा आणि कडक उन्हाचा भाग अहिताचा आहे. प्रखर उन्हानें लगद्याचा कागद पिंवळा पडतो, शाई उडते आणि पुठ्ठे वांकतात. म्हणून ऊन अंगावर न पडणारी कोरडी ओसरी किंवा व्हरांडा पसंत करावा. दोन-चार दिवसांत पुस्तक खडखडीत झालें कीं बुरशी निद्रिस्त होते. लव चिकट न राहतां भुकटीसारखी होते.

ती भुकटी झाडणें हें तिसरें काम. तें घराबाहेर करावें, नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी बांधावी आणि हातांत मोजे घालावे. ज्यांस दमा आहे त्यांनीं या कामांत पडूं नये. मऊ कुंचल्यानें पाठीकडून कडेकडे, एकाच दिशेनें झाडावें. ओल्या फडक्यानें पुसूं नये. त्यानें डाग कागदांत अधिक खोल उतरतो.

एवढें केल्यावरच चौथें काम, म्हणजे उरलेला वास शोषून घेणें. झांकणाचा मोठा डबा घ्यावा. तळाशीं एका पसरट भांड्यांत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा ठेवावा. हा कोळसा मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. वर जाळी ठेवून तीवर पुस्तक अर्धवट उघडें ठेवावें. सोडा किंवा कोळसा पानांवर टाकूं नये. त्याचे कण सांध्यांत अडकून राहतात. दर तीन-चार दिवसांनीं डबा उघडून पाहावें. एक ते तीन आठवड्यांत वास पुष्कळ कमी होतो. मात्र पुस्तक पूर्ण कोरडें झाल्यावांचून डबा बंद करूं नये. तसें केल्यास बुरशीची मशागतच होईल.

कांहीं घरगुती उपाय कटाक्षानें टाळावे. डांबराच्या गोळ्या किड्यांवर उपयोगी असल्या तरी बुरशीचा वास काढीत नाहींत. त्यांचा स्वतःचा वास मात्र पानांत मुरतो आणि ती वाफ प्रकृतीस बाधक असते. धूप-उदबत्तीच्या धुरानें काजळी बसते. स्पिरिट शाई विरघळवितें, ब्लीचिंगचें पाणी कागद कुजवितें. कडुनिंबाचा पाला व वेखंड यांचा उपयोग किड्यांसाठीं आहे. त्यांतहि ओला पाला ठेवणें म्हणजे कपाटांत ओलच नेऊन ठेवणें होय. ओझोन सोडणारीं यंत्रें वास घालवितात खरीं, परंतु कागदासहि दुबळा करतात.

पुस्तक भिजलेंच तर वेळ फार थोडा असतो. बहुधा ४८ तासांच्या आंत बुरशी धरूं लागते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा प्रसंगीं घरोघरीं पुस्तकांचे ओले ढीग पडतात, आणि चार दिवसांनीं ते टाकून द्यावे लागतात. इटलींत ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुरानें फ्लॉरेन्सचें राष्ट्रीय ग्रंथालय बुडालें, तेव्हां देशोदेशींच्या तरुणांनीं चिखलांतून ग्रंथ हातोहात बाहेर काढले. लोक त्यांस ‘चिखलांतले देवदूत’ म्हणूं लागले. ग्रंथरक्षणाच्या शास्त्रास त्या आपत्तीनंतर मोठी चालना मिळाली. घरापुरती युक्ति सोपी आहे. सर्व पुस्तकें लगेच वाळवितां येत नसतील तर एकेक पुस्तक पिशवींत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें. थंडीनें बुरशी मरत नाहीं, परंतु थांबते. सवडीनें एकेक काढून वाळवावें. गुळगुळीत कागदाचीं सचित्र पुस्तकें आधीं हातीं घ्यावीं, कारण त्यांचीं पानें वाळतांना एकमेकांस कायमचीं चिकटतात.

पुस्तक स्वच्छ झालें तरी जुन्याच जागीं परत ठेवलें तर पुढच्या श्रावणांत वासहि परत येईल. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर असावें, पुस्तकें मागच्या फळीस चिकटूं नयेत, आणि दोन बोटें शिरतील इतकी मोकळीक रांगेंत असावी. जमिनीजवळचा कप्पा रिकामा ठेवावा. कोसळत्या पावसांत खिडक्या उघडून ‘हवा खेळती’ ठेवण्याचा आग्रह धरूं नये. उघाड पडल्यावर त्या उघडाव्या. आर्द्रतामापक हें लहानसें उपकरण आतां स्वस्तांत मिळतें. त्याचा कांटा ६० च्या खालीं राहिला तर बुरशीची चिंता उरत नाहीं.

आपल्या पूर्वजांस आर्द्रतामापक ठाऊक नव्हता, परंतु ऋतु ठाऊक होते. पोथी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावी, असा लेखनिकांचा दंडक होता. जैन समाजांत दिगंबर पंथाची श्रुतपंचमी ज्येष्ठांत येते, म्हणजे पावसाच्या तोंडावर. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिकांत, म्हणजे पाऊस सरल्यावर. त्या दिवशीं भांडारांतील पोथ्या पुजण्याबरोबर त्या काढून झाडण्याची व पुन्हां बांधण्याची चाल आहे. महाराष्ट्रांत दसऱ्यास सरस्वतीपूजन होतें. पाटावर एक-दोन पुस्तकें मांडून फूल वाहिलें जातें. त्या दिवशीं संबंध कपाट रिकामें करून प्रत्येक पुस्तक एकदां उघडलें, तर पूजेस अर्थ येईल. मराठींतील पुष्कळ पुस्तकें पुन्हां छापलीं गेलेलीं नाहींत. एखाद्या घरीं उरलेली प्रत हीच त्या ग्रंथाच्या अखेरच्या कांहीं प्रतींपैकीं असूं शकते. ती केवळ वासापायीं रद्दींत जाणार कीं आठ दिवस वाऱ्यावर राहून पुढच्या पिढीच्या हातीं पडणार, याचा निर्णय कोणत्याहि ग्रंथालयांत नव्हे, त्या घरांतच व्हावयाचा आहे.